मुलं आपापली झोपतात, त्याबद्दल ताईस

तीर्थरूप ताईस,

पिठाच्या हातांनीच, पण अगदी वाकून नमस्कार. (कागदावर पांढरे डाग दिसतील ते मैद्याचे आहेत. मी रडलोबिडलो नाही. निदान पहिल्या पानावर तरी नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मांडी घालून बसू नको म्हणून सांगितलंय ना, की अजून बालवाडीतल्या पोरांसमोर बेडकासारख्या उड्या मारून दाखवतेस? दाजींचा खोकला गेला असेल. गेला नसेल तर मी विचारलं म्हणून सांग, आणि गेला असेल तरी सांग, कारण मागच्या खेपेला विचारायचं राहिलं तर ते महिनाभर फुगून बसले होते असं तूच म्हणालीस. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

फोन सोडून पत्र कसं काय, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतेस आणि मी हं-हं करतो, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे आमच्या बाईसाहेब. पाच वर्षांची ही तुझी भाची, आत्याचा फोन आला की जिथे असेल तिथून येऊन माझ्या मांडीवर बसते आणि कान फोनला लावते. तिच्यासमोर तिच्याबद्दल तक्रार करायची माझी हिंमत नाही. पत्र मात्र तिला अजून वाचता येत नाही, त्यातून माझं अक्षर. (माझं अक्षर आमच्या हिलासुद्धा लग्नाला इतकी वर्षं झाली तरी धड लागत नाही, त्यामुळे हिच्याबद्दलही थोडं मोकळेपणाने लिहिणार आहे.)

ताई, आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण सल्ला देताना तू ती पार विसरली होतीस असं माझं स्पष्ट मत आहे. खाली बेकरी, वर आमच्या दोन खोल्या. पहाटे तीनला भट्टी पेटली पाहिजे, म्हणजे आठच्या आत आम्ही दोघं आडवे झालो पाहिजे. जगातले बाकीचे आईबाप पोरांना झोपवतात आणि मग पाय पसरून टीव्ही बघतात, निवांत भांडतात. आम्हाला पोरांना झोपवून लगेच स्वतः झोपायचं असतं. पोरं दिवसभर ताजीतवानी, आणि आम्ही तीनपासून उभे. अशा सामन्यात आधी कोण झोपणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्यात मुलांच्या खोलीची ती भिंत. खालच्या भट्टीचं धुराडं तिच्यामागून वर जातं, त्यामुळे ती संध्याकाळीसुद्धा कोमट असते. तिला पाठ टेकली की माणूस गेलाच. मी रोज गोष्ट सुरू करायचो, एका जंगलात एक हत्ती राहत होता. इथपर्यंत मला आठवतं. त्या हत्तीचं पुढे काय झालं ते या घरात आजतागायत कुणालाही माहीत नाही. मी घोरायला लागलो की बाईसाहेब आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ, आपला टिल्लू, माझ्यावरून उतरून आपल्या कामाला लागायचे. कामं काय, तर दुकानाच्या काचेला क्रीमने रंग देणे, केकवर लावायच्या चेऱ्या किती लांब उडतात ते बघणे, मैद्याच्या रिकाम्या पोत्यात टिल्लूला घालून जिन्यापर्यंत ओढणे. आमची ही खालची झाडलोट उरकून वर यायची तेव्हा तिला एक माणूस झोपलेला मिळायचा, पण जो झोपायला हवा तो नाही. मग पोरांना पकडून ही त्यांच्याजवळ टेकायची. भिंत हिलाही ओळखते. एकदा आम्ही दोघंही तिथेच घोरत पडलो होतो आणि टिल्लूने माझ्या तोंडावर ओला टॉवेल पसरला होता, कारण आम्ही पिठावर ओलं फडकं टाकतो ते त्याने पाहिलं होतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण गजराचं घड्याळ आमच्या खोलीत, कपाटावर. (मोबाइलचा गजर मी झोपेतच बंद करतो, म्हणून हे जुनं, घंटेचं, उठून चालत जाऊनच गप्प करता येणारं.) आम्ही मुलांच्या खोलीत पडलो की ते बिचारं दोन दारांपलीकडे बोंबलून बोंबलून थकतं. ते मुलांच्या खोलीत आणूनही पाहिलं. आम्ही उठलो, पण पोरंही उठली, आणि पहाटे तीनला टक्क जागी असलेली दोन पोरं आणि तापलेली भट्टी हे एका जागी ठेवता येत नाही. घड्याळ परत कपाटावर गेलं आणि पाव पुन्हा उशिरा निघायला लागला.

उशीर झाला की दुकानातलं गिऱ्हाईक एकवेळ चालवून घेतं. पण आमचा निम्म्याहून जास्त पाव विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जातो, आणि तिथल्या स्वयंपाकघराच्या मॅनेजरबाई चालवून घेणाऱ्यांतल्या नाहीत. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर मीही चार शब्द सुनावले असते. त्या नुसत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. गेल्या महिन्यात मात्र बोलल्या. पोरं उपाशी वर्गात जातात, पुन्हा असं झालं तर कारखान्यातला पाव लावून घेईन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. कारखान्यातला म्हणजे पिशवीतला, कापलेला, बोटाने दाबला की दाबलेलाच राहणारा. ताई, अपमान मी गिळीन, पण वसतिगृह सुटलं तर भट्टी थंड पडेल आणि हिला बाहेर कुठेतरी कामाला जावं लागेल. हे मी हिला बोललो नाही. हीही मला बोलली नाही. आम्ही दोघं न बोलता त्या दिवशी खूप भांडी घासली.

आणि नेमका त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. मुलांना झोपवू नका, त्यांना झोपायला शिकवा, असं तू म्हणालीस. रोज तेच, त्याच क्रमाने करा, प्रत्येक गोष्ट त्यांची त्यांना करू द्या, निवड त्यांना करू द्या, एकेक जबाबदारी द्या, आणि चांगलं केलं की नेमकं काय चांगलं केलं ते सांगा. तू बोलत होतीस आणि ही मान डोलवत होती. (माझ्या एखाद्या बोलण्यावर हिने अशी मान डोलवल्याचं मला तरी स्मरत नाही.) मी एवढंच म्हणालो की ताईच्या बालवाडीतली पोरं दुपारी घरी जातात, झोपवण्याचं काम दुसरंच कुणीतरी करतं. त्यावर तू काय म्हणालीस ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र दाजीही वाचतील.

तर निवड. तुझ्या सांगण्याप्रमाणे हिने दोन पायजमे पुढे ठेवले, निळा आणि पिवळा, आणि टिल्लूला विचारलं, बाळा, कुठला घालणार? टिल्लूने खूप विचार केला. इतका गंभीर विचार मी भट्टी विकत घेतानाही केला नव्हता. मग त्याने माझा एप्रन निवडला. एप्रन त्या दोघांत नव्हता, हे त्याला समजावण्यात सातचे साडेसात वाजले. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही पायजमे निवडले, एकावर एक. तिसऱ्या दिवशी निळा निवडला, घातला, आणि मग पिवळ्याला वाईट वाटेल म्हणून भोकाड पसरलं. बाईसाहेबांचं दुसरं टोक. तिने पहिल्याच दिवशी दोन्ही फ्रॉक परत पाठवून विचारलं की हे दोनच का, बाकीच्यांना का नाही विचारलं. मग कपाट उघडलं. मग सगळे कपडे बाहेर आले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो आणि मला असं वाटत होतं की आपल्या लहानपणी आईने एकच कपडा हातात दिला आणि आपण तो घातला, तर आपल्या व्यक्तिमत्त्वाचं असं काय मोठं नुकसान झालं? माझं झालं असेल, तर तुझं तरी झालेलं दिसत नाही.

दात घासणं त्यांचं त्यांनी करायचं म्हणून बेसिनपाशी तुपाच्या डब्याची उंच पेटी उलटी करून ठेवली. पेस्ट त्यांनीच लावायची. ताई, पेस्टची एक अख्खी नळी आरशावर, नळावर, पेटीवर आणि टिल्लूच्या भुवयांवर व्यवस्थित पुरते, फक्त दातांना कमी पडते. आणि तू सांगितलं होतंस की मध्ये हात घालायचा नाही. मी हात पाठीमागे बांधून उभा. बांधून म्हणजे खरंच, एप्रनच्या नाडीत अडकवून, नाहीतर राहवेना. वर नेमकं काय चांगलं केलं तेही सांगायचं. मी म्हणालो, शाबास, नळ तरी बंद केलास. तर तो त्याने पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला, आणि शाबासकीसाठी वर बघितलं. हे किती वेळा झालं ते विचारू नकोस.

गोष्टीचंही तेच. आम्ही भिंतीला टेकायचं नाही, दारातच उभं राहायचं आणि गोष्ट बाईसाहेबांनी टिल्लूला सांगायची, असं ठरलं. तिच्या गोष्टीत एक मुलगा असतो आणि तो झोपत नाही. मग त्याला रागावतात. बस्स, एवढीच गोष्ट. पण रागावणं फार तपशीलवार असतं आणि त्यातली अर्धी वाक्यं आमच्या हिची असतात, अगदी त्याच सुरात, कमरेवर हात ठेवून. ही ऐकत होती. मी हिच्याकडे बघितलं नाही. माणसाने कुठे बघू नये हे मला कळतं.

आता जबाबदारीचं. टिल्लूला त्याच्या कापडी सशाला झोपवायचं काम दिलं. ते त्याने मनावर घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. (ससा रोज पाणी मागतो, शूला जातो आणि पुन्हा पाणी मागतो. पण तो टिल्लूचा प्रश्न आहे, आणि टिल्लू त्याच्यावर इतका वैतागतो की मला आतून फार बरं वाटतं.) बाईसाहेबांना काम दिलं दिव्यांचं. झोपायच्या आधी दिवे बंद करायचे. हे काम मीच सुचवलं, हे कबूल करतो, कारण बटणापर्यंत तिचा हात नुकताच पोचायला लागला होता आणि तिला त्याचं फार अप्रूप होतं. पहिल्या दिवशी तिने खोलीतला दिवा बंद केला. मी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी मधल्या बोळातला केला. मी पुन्हा शाबासकी दिली आणि उत्साहाच्या भरात म्हणालो, एकही दिवा सुटता कामा नये हं. या माझ्या वाक्याची आठवण ठेव.

त्यानंतर या घरात अंधाराचं राज्य सुरू झालं. मी मोरीत तोंडाला साबण लावून उभा असताना दिवा गेला. मी संडासात असताना गेला, आणि बाहेरून मला सांगण्यात आलं की आता झोपायची वेळ झालीय, उरलेलं सकाळी करा. ही खाली उद्याचं मीठ मोजत असताना गेला आणि मीठ दुप्पट पडलं. तक्रार केली तर बाईसाहेब म्हणायच्या, आत्याने सांगितलंय, माझं काम मला करू दे. या घरात तुझं नाव आलं की कोर्टाचा निकाल लागल्यासारखं होतं. पण एक सांगतो, दोघंही आपापल्या बिछान्यात, आपापली, आठच्या आत झोपायला लागली होती. मी आणि ही आमच्या खोलीत, घड्याळाजवळ. पाव वेळेवर जात होता. मॅनेजरबाई घड्याळाकडे एकदाच बघत होत्या. मी तुला फोन करून कौतुक करणारसुद्धा होतो. बरं झालं नाही केला.

कारण त्या शुक्रवारी आम्ही झोपल्यावर बाईसाहेबांना आठवलं की एक दिवा राहिलाय. खालचा. आमच्या मोठ्या फ्रीजला वरच्या बाजूला एक हिरवा दिवा आहे, करंगळीच्या नखाएवढा. त्या फ्रीजमध्ये आम्ही दुसऱ्या दिवशीचं मळलेलं पीठ ठेवतो. थंडीत ते हळूहळू फुगतं आणि पहाटेपर्यंत बरोबर तयार होतं. बाईसाहेब उठल्या, जिना उतरल्या, दात घासायची ती पेटी खाली ओढत नेली (आणि आम्ही एवढे गाढ झोपलो होतो की त्या आवाजानेही उठलो नाही, बघ तुझी पद्धत किती गुणकारी), पेटीवर चढल्या आणि फ्रीजचं बटण बंद केलं. दिवा गेला. मग आठवण झाली म्हणून आत हवा जायला दारही थोडं उघडं ठेवलं, कारण टिल्लू झोपतो तेव्हा त्यांच्या खोलीचं दार आम्ही थोडं उघडं ठेवतो. मग वर येऊन शांतपणे झोपल्या. हे सगळं मला नंतर तिनेच सांगितलं, एकेक पायरी नीट, आणि नेमकं काय चांगलं केलं ते मी सांगेन म्हणून वाट बघत उभी राहिली.

पहाटे मी खाली गेलो, दिवा लावला, आणि तिथेच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. ताई, खाली थंडी नसते. भट्टीची ऊब रात्रभर राहते. त्या उबेत आमचं पीठ काय करेल याची तुला कल्पना नाही. डब्यांची झाकणं वर आली होती. फ्रीजचं दार पिठाने ढकलून पूर्ण उघडलं होतं, कप्प्यांमधून पीठ ओघळून लादीवर आलं होतं आणि तिथे आरामात पसरलं होतं. आंबट वास सुटला होता. मी हाक मारली तर ही खाली आली, तिने बघितलं आणि पदर खोचला. (साडी नव्हती, सलवार-कमीज होता, पण खोचलं तिने काहीतरी.) त्या क्षणी तुझं नाव तिने ज्या पद्धतीने घेतलं, तसं तिने आजवर फक्त माझं घेतलं होतं.

नव्याने पीठ मळून फुगवायला वेळ नव्हता. लादीवरचं तर गेलंच. डब्यांत जे उरलं होतं त्याचा पाव होणार नव्हता, भट्टीत घातला की बसला असता. तेव्हा हिने ते लाटायला घेतलं. जाडसर, चपटं लाटलं, वर मीठ आणि तेल, आणि पत्र्यांवर टाकून कडक भाजलं. मी म्हणालो, हे काय आहे? ही म्हणाली, हे वेळेवर आहे. मग मी टोपल्या भरायला घेतल्या. वसतिगृहात नेऊन ठेवलं तेव्हा मॅनेजरबाईंनी एक तुकडा उचलून उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. आज पाव चपटा का, असं विचारलं. मी म्हणालो, मुलांनी झोपवला. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. पोरांनी ते कडक प्रकरण आवडीने खाल्लं असं नंतर कळलं, पण मॅनेजरबाईंनी मला निघताना सांगितलं ते असं की हे या एकाच वेळी, आणि आता उशीरही नको आणि असले प्रयोगही नकोत. म्हणजे आमचा गळा होता तिथेच आहे, फक्त दोरी जरा आवळली गेली.

घरी येऊन मी बाईसाहेबांना रागवायला तोंड उघडलं, आणि ती माझ्यासमोर हात मागे बांधून, मान वर करून उभी. एकही दिवा सुटला नाही, असं म्हणाली. मी तोंड मिटलं. माझेच शब्द होते. मग हिने तिला खाली नेऊन दाखवलं, कुठला दिवा माणसांचा आणि कुठला पिठाचा. माणसांचे दिवे तिचे, पिठाचे आमचे. तिला ते ताबडतोब पटलं. (माझ्या अनुभवात या घरातल्या स्त्रियांना एकमेकींचं सगळं ताबडतोब पटतं.) फ्रीजच्या बटणावर मी तरीही लाकडाची पट्टी ठोकली. विश्वास आहे, पण पट्टीही आहे.

तर आता परिस्थिती अशी आहे. संध्याकाळी सात वाजले की पोरं आपापली झोपायच्या तयारीला लागतात. टिल्लू दुपारीच पायजमा ठरवून ठेवतो आणि कुणाला सांगत नाही. दात बऱ्यापैकी दातांवरच घासले जातात. ससा झोपतो. रागावण्याची गोष्ट होते. माणसांचे दिवे जातात. मग बाईसाहेब आमच्या खोलीच्या दारात येऊन आम्हाला दोघांना पांघरुणं नीट घ्या म्हणून सांगतात आणि आमचाही दिवा घालवून जातात. आठच्या आत घर गपगार. एवढी डोकेफोड, एवढा मैदा, एवढी पेस्ट खर्ची घालून तुझी पद्धत लागू पडली, हे मी दातओठ खाऊन मान्य करतो. तेव्हा तू जे पंधरा दिवस इथे येऊन मुलांची शिस्त लावून देते म्हणत होतीस, त्याची आता अजिबात गरज उरलेली नाही. गुडघा सांभाळ. जिना आमचा उभा आहे. दाजींना नमस्कार, आणि खोकल्याबद्दल विचारल्याचं आवर्जून सांग.

तुझा पीठमळ्या भाऊ

ता. क. — पाव वेळेवर जातो असं वर लिहिलंय, त्यात थोडी दुरुस्ती. काल उशीर झाला. पोरांचा काहीएक दोष नाही, ती केव्हाच झोपली होती. गजर वाजला आणि मी तो ऐकला नाही, एवढंच. मॅनेजरबाईंना मी धाकट्याचं पोट दुखत होतं असं सांगितलंय. हिच्यासमोर त्या पोटदुखीचा विषय काढू नकोस.

ता. क. दुसरा — गजर ऐकला नाही, कारण डोळाच फार उशिरा लागला. परवाही तसंच, तेरवाही तसंच. मी आठला आडवा होतो आणि छत बघत पडतो. बाजूच्या खोलीत दोघं झोपलेली असतात, श्वाससुद्धा ऐकू येत नाही. दोनदा उठून दारापर्यंत गेलो. एकदा बाईसाहेब जाग्या होत्या. मी म्हणालो, जरा भिंतीला टेकू का? तर म्हणाली, नाही बाबा, आत्याने सांगितलंय, मोठी माणसं मुलांच्या खोलीत झोपत नाहीत, आणि तू घोरतोस मग सशाला जाग येते. जा, आपल्या खोलीत जा, तुला जमेल. असं म्हणून माझ्या हातावर थोपटलं. ताई, मी गेलो निमूटपणे. ती माझं ऐकणार नाही, हिचंही ऐकणार नाही. तुझं ऐकेल. तेव्हा पत्र मिळताच, नेहमीसारखी रविवारची वाट न बघता, फोन कर आणि तिला सांग की बाबाला अजून नीट जमत नाही, त्याला थोडे दिवस रोज दहा मिनिटं आत घ्यायचं. मीच सांगितलं असं सांगू नकोस. घड्याळाकडे मी लक्ष ठेवीन. रोज नको म्हणाली तर निदान शनिवारी, कारण रविवारी वसतिगृहाला पाव जात नाही. असंच चालू राहिलं तर वसतिगृह माझ्याच हाताने जाईल, आणि हिला काय सांगू?

ता. क. — ताई, सप्रेम नमस्कार. हे टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. यांचं अक्षर मला चांगलं लागतं, यांनाच ते माहीत नाही. तुमच्यावर मी त्या पहाटे खूप चिडले होते, त्याबद्दल माफ करा, आता राग नाही. यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, मी बाजूलाच जागी असते, मला ऐकू येतं. पण यांनी नेहमीप्रमाणे फक्त स्वतःपुरतं मागितलंय. तुम्ही पोरीला सांगाल तेव्हा बाबा म्हणू नका, आई-बाबा दोघं म्हणा. मला भिंतीकडची जागा नको, खाली चटईवरही चालेल.